डावीकडे बंद होणारा झगा

भाईंदर पूर्वेला माझा ब्लाउज शिवायचा गाळा आहे. बाई दारातून आत येऊन स्टुलावर बसेपर्यंत तिचा खांदा, छाती, बाही सगळं मला कळलेलं असतं. टेप लावते ती तिच्या समाधानासाठी. ही फुशारकी वाटत असेल तर आहेच ती फुशारकी. इतकी वर्षं नजरेवर कापड कापलं आणि एकदाही वाया घालवलं नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आता नाही ऐकवत. का नाही, तेच सांगतेय.

एका रविवारी जेवताना माझ्या मुलाने सांगितलं, की त्याचं एका मुलीशी जमलंय आणि ती चायनीज आहे.

"चायनीज म्हंजे? गाडी हाय त्यांची?" मी विचारलं.

"गाडी न्हाय गं आई. ती स्वतः चायनीज हाय."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंच्युरियनच्या तीन गाड्या उभ्या राहतात, त्यामुळे माझं डोकं तिकडे गेलं यात माझी काही चूक नाही. मुलाने मग सगळं सांगितलं. मुलगी त्याच्याच ऑफिसात. जन्म मुंबईतला, शाळा मीरा रोडची, मराठी आपल्यासारखंच बोलते. आईचं मीरा रोडला ब्युटी पार्लर. वडील नाहीत. आई, मुलगी आणि आईची आई, असं तीन बायकांचं घर. चार पिढ्यांमागे कुणी सुतार बोटीने कलकत्त्याला आला, तेव्हापासून हे लोक इथलेच.

माझ्या नवऱ्याने एवढं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "मासं खातात ना?"

"खातात की. वाफवून."

"वाफवून?" नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. पापलेट वाफवून खाणाऱ्या घरात सोयरीक करायची म्हणजे त्याला जरा विचार करावा लागणार होता. तो त्याने संध्याकाळपर्यंत केला आणि हो म्हणाला. माझं माहेर तारोडीचं. तिथे फोन केला तर भावाने विचारलं, "पोरगी कशी हाय?" मी म्हटलं, "चांगली हाय, उंच हाय, अडतीसचा घेर हाय." भाऊ म्हणाला, "तुला दुसरं काय दिसतंय का कुनाचं?"

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो ते पार्लरातच, कारण त्यांचं घर वरच्या मजल्यावर आणि आजीचे गुडघे दुखतात म्हणून ती दिवसभर खालीच बसते. तिला सगळे पोपो म्हणतात. त्यांच्यात आईच्या आईला तसंच म्हणतात, मग मीही म्हणायला लागले. पोपो ऐंशीच्या पुढची, हाडकुळी, केस पांढरे आणि पुरुषासारखे कापलेले. दाराजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या बायकांच्या चपला बघायची आणि विहीणबाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायची. माझ्या चपला बघूनही काहीतरी बोलली. विहीणबाई हसल्या.

"क्या बोली?" मी विचारलं. उगाच मनात ठेवून बसायची मला सवय नाही.

"बोलती है, आपका पाँव बड़ा है। अच्छा है।"

मला राग येणार होता, पण पोपोने स्वतःचा पाय पुढे केला. तिचाही चांगला माझ्याएवढा होता. मग तिने बोट वर केलं. समोरच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, जुन्या काळ्या चौकटीत एका मुलीचा फोटो होता. लांब पायघोळ झगा, डोक्यावर आडवी पट्टी बसवल्यासारखी केसांची रचना. ती पोपोची आजी होती, लग्नाआधीची.

"मांचू," पोपो म्हणाली.

"मंच्युरियनवाले?" माझ्या तोंडून गेलं.

विहीणबाई एवढ्या हसल्या, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या भुवईला लावलेला दोरा तुटला. पोपो मात्र हसली नाही. "वो गोभी का गोली?" ती म्हणाली. "वो हमारा नहीं। हम लोग राज किया।"

त्यानंतर मी तिथे दर आठवड्याला जायला लागले. केस रंगवायचं निमित्त, पण खरं म्हणजे पोपोची गोष्ट ऐकायला. तिचं कलकत्त्याचं हिंदी आणि माझं भाईंदरचं हिंदी यांचं छान जमायचं. दोघींनाही व्याकरणाशी काही देणंघेणं नव्हतं.

तर ती सांगायची, की चीनवर मांचूंचं राज्य होतं. हे उत्तरेकडचे घोडेस्वार लोक. प्रजा बहुतेक हान, म्हणजे आपण ज्यांना नुसतं चिनी म्हणतो ते. मांचू मूठभर, त्यामुळे आपण या गर्दीत विरघळून जाऊ याची त्यांना भारी धास्ती. म्हणून नियम. मांचू शिपायांच्या कुटुंबांनी शहरातल्या आपल्या वेगळ्या वस्तीत राहायचं. मांचू बाईने पाय बांधायचे नाहीत. हान बायकांचे बांधून बांधून मुठीएवढे केलेले असायचे. मांचू बाईच्या एकेका कानात तीन-तीन भोकं, हान बाईच्या एकच. राजवाड्यात मुली निवडायला आणल्या आणि एखादीच्या कानात एकच डूल दिसलं, तर बादशहा खवळायचा म्हणे. आणि सगळ्यात मोठा नियम, मांचू-हान लग्न नाही.

"बादशहा के टाइम में, एकदम बंद," पोपो हाताने दार लावल्यासारखं करून सांगायची. "बाद में खोला। जब खोला, तब मेरी नानी पहला नंबर।"

पहिला नंबर खरंच होता का, ते देव जाणे. पण बंदी उठल्यावर थोड्याच दिवसांत त्या मुलीने लग्न केलं, ते हान सुताराशी. दक्षिणेतल्या एका बंदराच्या शहरात तिच्या शिपाई बापाचं घर होतं, आणि हा तिथे खिडकीची चौकट बसवायला आला होता. पोपो म्हणायची, की चौकट बसवायला त्याने आठ दिवस लावले. मी म्हटलं, चांगला कारागीर दिसतोय.

लग्नाला मुलीकडचं कुणीही आलं नाही. सुताराच्या घरी सासूने तिला उंबऱ्यातच उभं केलं, अंगावरचा झगा उतरवायला लावला आणि शेजारणीकडून मागून आणलेले सदरा-घागऱ्यासारखे हान कपडे घालायला दिले. कानातली दोन-दोन डुलं काढायला लावली. तिच्या मोठ्या पायांना सगळ्या आळीने हसून घेतलं. पुढे राज्य गेलं, मांचू म्हणवून घेणं जिवावरचं झालं, आणि मग तेच मागून आणलेले कपडे कामाला आले. कुणी ओळखलं नाही. झगा पोटासाठी विकला गेला. राहिला तो फोटो.

"नानी बोला था, घर का एक लड़की ये पहन के शादी करेगा," पोपो सांगायची. तिच्या स्वतःच्या लग्नात मैत्रिणीचा पांढरा फ्रॉक होता. विहीणबाईंच्या लग्नात बनारसी साडी. आता नात. त्यानंतर घरात मुलगी नव्हती. पोपोचे डोळे बारीक आणि कोरडे होते, पण हे सांगताना ती माझा हात धरायची, आणि तिची बोटं चांगलीच घट्ट होती.

मीच म्हणाले, की मी शिवते. ब्लाउज शिवणारी बाई मी, चीनच्या बादशाहीतला झगा कधी जन्मात शिवला नव्हता. पण माझ्या मुलाचं लग्न, माझ्या सुनेच्या अंगावरचं कापड, आणि ते मीरा रोडच्या कुठल्या तरी बुटीकवाल्याने शिवायचं? मला झोप लागली नसती.

आता इथे माझी चूक झाली, आणि ती नीट समजावी म्हणून पार्लर कसं आहे ते सांगायला हवं. खुर्च्या आरशाकडे तोंड करून. फोटो त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर, उंच. मी नेहमी खुर्चीत बसलेली, डोक्याला रंग थापलेला, वर प्लास्टिकची टोपी, मान हलवायची सोय नाही. पण समोर आरशात फोटो स्वच्छ दिसायचा. मुलाने फोनवर त्या फोटोचं छायाचित्र पाठवलं होतं, त्यात काचेवर ट्यूबलाइट चमकत होती आणि मुलगी कमरेपासून वर गायब. मग मी वही मांडीवर घेतली आणि आरशात बघून रेखाटन केलं. उभी छोटी कॉलर. गळ्यापासून तिरका जाऊन काखेखाली बंद होणारा पदर. कापडाच्या पाच गुंड्या. मनगटाशी उलटी दुमडलेली रुंद बाही. दोन्ही बाजूंनी कट. पोपो म्हणाली होती, की जुन्या काळात बाहीचं टोक घोड्याच्या खुरासारखं असायचं आणि कट घोड्यावर बसता यावं म्हणून. आमच्या बायकांनी कामाला सोपं जावं म्हणून लुगड्याचा कासोटा मारला, यांनी घोड्यासाठी झगा चिरला. मला ते लगेच पटलं.

पदर कुठल्या बाजूला बंद होतो, ते मला विचारावंसंही वाटलं नाही. आरशात तो डावीकडे बंद होत होता आणि बायकांचे कपडे डावीकडेच बंद होतात. उजवीकडे बंद होतो तो पुरुषांचा शर्ट. एवढं तर शिवणाच्या पहिल्या दिवशी शिकवतात.

लाल रेशीम विहीणबाईंच्या बहिणीने कलकत्त्याहून पाठवलं, पक्क्या रंगाचं, मोजून एका झग्याचं. मी कापलं, ते नेहमीसारखं नजरेवर. अस्तरासाठी बाजारातलं कापड आणलं आणि मिठाच्या पाण्यात भिजवून बघितलं, तर पाणी लाल झालं. इथला दमट उकाडा, नवरीला घाम येणार, तो रंग तिच्या अंगाला लागणार. दुसरं आणलं, तेही तसंच. तेव्हा मी पेटी उघडली आणि माझं हळदीचं लुगडं काढलं. हिरवं, बारीक चौकडीचं, सुती, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. बँडबाजा, नाच, सगळी आळी पिवळी. त्या लुगड्यावर माझ्या हळदीचे डाग अजून होते. एकदा परत घडी घातली, मग वाटलं, पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय? पण मी हे कुणाला सांगितलं नाही. नव्या नवरीच्या अंगाला सासूचं वापरलेलं कापड, यावर चार लोक चार गोष्टी बोलले असते. अस्तर आत असतं. आत कोण बघतंय?

सुनेने दोनदा ट्रायल दिली. झगा तिला असा बसला, की मी स्वतःवर खूश झाले. तिलाही काही खटकलं नाही, कारण लहानपणापासून तिने अभ्यास केला तो आरशापुढच्या फळीवर. तिनेही तो फोटो बहुतेक आरशातच पाहिलेला. विहीणबाईही दिवसभर आरशाकडे तोंड करून उभ्या. तो फोटो सरळ बघणारी घरात एकच बाई होती, आणि ती बाकावर बसलेली असायची.

लग्नाला पाच दिवस राहिले असताना मी झगा घेऊन पार्लरात गेले. विहीणबाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, सुनेला आत नेऊन झगा घातला आणि बाहेर आणलं. मी पोपोकडे बघत उभी राहिले, कौतुक ऐकायला.

पोपो उठली. गुडघे दुखत असताना उठली. सुनेजवळ गेली, पदरावर हात ठेवला, गुंड्यांवरून बोटं फिरवली, आणि हात असा काढून घेतला, की मला वाटलं सुई राहिली असेल.

"उतारो," ती म्हणाली. "ये मुर्दा का कपड़ा है।"

विहीणबाईंचा चेहरा पडला. त्यांनी हळू आवाजात मला सांगितलं. त्यांच्यात जिवंत माणसाचा कपडा उजवीकडे बंद होतो, बाईचा असो की पुरुषाचा. डावीकडे बंद करतात तो मेलेल्या माणसाला घालतात. त्या सगळं विसरत आल्या होत्या, पण हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि मी काय केलं? मी भांडले. माफी मागायची सोडून भांडले. "लेडीज का लेफ्ट साइड ही होता है!" मी म्हटलं. "सब दुनिया में! मैं इतने साल से सिलती है! और फोटो में भी लेफ्टच है, देखो ना तुम!"

"तू देख," पोपो म्हणाली.

मी रागानेच मागे वळले आणि मान वर केली. त्या मुलीचा फोटो मी पहिल्यांदाच नीट, समोरून बघत होते. पदर तिच्या उजवीकडे बंद होत होता. काखेखाली, उजवीकडे, पाचही गुंड्या मला मोजता आल्या. मग मी आरशात बघितलं, तिथे तो डावीकडे, मग पुन्हा फोटोत. मला ओरडायचं होतं, पण ओरडायचं कुणावर?

पोपो परत बाकावर जाऊन बसली. ती चिडली नव्हती, तेच वाईट होतं. ती घाबरली होती. लग्नात मी येणार नाही, म्हणाली. माझ्या घरातल्या मुलीला लग्नाआधी मरणाचा कपडा चढला, मी काय तोंडाने चहा पिऊ? त्यांच्या लग्नात नवरी घरातल्या मोठ्यांना गुडघ्यावर बसून चहा देते, तो घेतला म्हणजे आशीर्वाद. सुनेने तिथेच डोळे पुसले आणि मला मराठीत म्हणाली, "आंटी, पोपो नाही आली तर मी नाही करणार लग्न. तुम्ही रागवा पाहिजे तर."

मला न्यायला आलेला मुलगा सगळं ऐकून रिक्षात म्हणाला, "आई, असं काय नसतं गं. समजाव तिला."

"तुझ्या पानात भाजी डावीकडं आनि चटनी उजवीकडं, असं उलटं वाढलं तर जेवशील?" मी विचारलं. मेलेल्या माणसाच्या नावाने वाढतात तेव्हा आमच्याकडे सगळं उलटं वाढतात. पोपो अडाणीपणा करतेय असं मला एक क्षणही वाटलं नाही. तिच्या जागी मी असते, तर झगा विळीवर धरला असता.

सकाळी गाळा उघडला, झगा टेबलावर घेतला आणि चष्मा लावला. लाल रेशमाचा एक तुकडाही शिल्लक नव्हता. कलकत्त्याला फोन केला तर तसं कापड आता मिळायला पंधरा दिवस. ठरवलं, निदान पदर उसवून काही जोड देता येतो का बघू. उसवायचं म्हणजे आधी कपडा उलटा करायचा, कारण टीप आतून दिसते. झगा उलटा केला आणि हाताळायला बरा म्हणून पुतळ्यावर चढवला. कात्री घेऊन वळले, तर पदर उजवीकडे.

मी कात्री खाली ठेवली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. उजवीकडेच होता. अहो, उलटा केलेला कपडा बाजू बदलतो, हे मी रोज बघते, दिवसातून वीसदा बघते, आणि रात्रभर कपाळाला हात लावून बसले होते! मी एकटीच मोठ्याने हसले. समोरच्या किराणावाल्याने विचारलं, "क्या हुआ भाभी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, उलटा किया तो सीधा हो गया।" त्याला काहीच कळलं नाही.

मग हसू थांबलं. कारण आता बाहेर आलं होतं माझं हळदीचं लुगडं. आतली शिवण मी स्वच्छ केली होती, अस्तर झग्याला सगळीकडून बंद होतं, खाली लुगड्याचा काठ बरोबर घेरावर आला होता. गुंड्या काढून या बाजूला लावल्या की झगा तयार. दुमडलेल्या बाहीवर लाल रेशीम दिसत होतं, तेही छान दिसत होतं. पण छातीवर, खांद्याजवळ, माझ्या हळदीचे पिवळे डाग. मरणाचा कपडा म्हणून जिने हात काढून घेतला, तिच्यापुढे मी वापरलेलं कापड घेऊन जाणार होते. न सांगता जाणं शक्य नव्हतं. डाग काही लपणारे नव्हते, आणि एव्हाना लपवायचा मला कंटाळाही आला होता.

गुंड्या लावून दुपारी मीरा रोडला गेले. पोपो बाकावर. मी तिच्या शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आरशाचं सांगितलं. भांडले त्याची माफी मागितली. झगा उलटा केला ते सांगितलं. आणि हे कापड नवं नाही, माझं आहे, माझ्या हळदीचं आहे, हे डाग त्याचेच आहेत, तुम्हाला चालत नसेल तर आत्ता सांगा, तेही सांगितलं.

पोपोने झगा मांडीवर घेतला. डागावर अंगठा फिरवला. नाकाजवळ नेला. मला वाटलं, आता फेकणार.

"तेरा शादी का?"

"हळदी का। शादी के पहले का दिन।"

"ये काट दिया तू? मेरा बच्ची के लिए?"

"तुम्हारी अकेली की है क्या? मेरी भी बहू है," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

पोपोने झग्याची बाही सरळ केली. मग म्हणाली, तिच्या आजीच्या सासूने तिला दुसऱ्याचे कपडे मागून आणून घातले. स्वतःचे नाही दिले. शेजारणीचे. घरात पेटीभर कपडे होते. आजी मरेपर्यंत हे सांगायची, पाय बांधलेल्या बायका हसल्या ते विसरली, डुलं काढली ते विसरली, हे नाही विसरली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. विहीणबाई खुर्चीतल्या बाईचे केस तसेच सोडून आमच्याकडे बघत उभ्या होत्या आणि त्या बाईनेही काही तक्रार केली नाही.

"लाल अंदर रहेगा," पोपो शेवटी म्हणाली. "चलेगा। बदन को लगेगा।"

लग्न घोडबंदरच्या एका हॉलमध्ये झालं. आदल्या दिवशी आमच्याकडची हळद, त्यात विहीणबाई अशा नाचल्या, की तारोडीच्या माझ्या वहिन्यांनी बसून घेतलं. लग्नाच्या सकाळी चहा. सून तो झगा घालून आली. हिरवी चौकडी, मनगटाशी लाल, उजवीकडे पाच गुंड्या, आणि माझ्या डागांवर विहीणबाईंनी टाचलेलं एकही फूल नाही, कारण पोपोने लावू दिलं नाही. माझ्या माहेरच्या बायका म्हणाल्या, "ह्यो कंचा ड्रेस गं? आपल्या लुगड्याचाच दिसतोय." माझा नवरा त्यांना समजावत होता, की हा मांचू ड्रेस आहे, मंच्युरियनचा आणि त्याचा काही संबंध नाही. त्याला ते सांगायला फार आवडत होतं.

सुनेने गुडघ्यावर बसून पोपोला चहा दिला. पोपोने तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. माझे डोळे भरून आले. लपवलं नाही. मुलाने रुमाल दिला, तोही मीच शिवलेला होता.

जेवणाच्या आधी पोपोने मला हाताने जवळ बोलावलं. वाटलं, पाणी हवंय. ती माझ्या कानाशी वाकली.

"मेरा भी एक सिल दे।"

"सिलती ना," मी म्हटलं. "कौनसा कलर?"

"कोई भी। लेकिन लेफ्ट साइड वाला," पोपो म्हणाली आणि तिचे बारीक डोळे हसून पार मिटले. "वो तू एक नंबर काटती है।"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिला रागवायला तोंड उघडलं, आणि हसूच आलं, आणि हसता हसता रडूही. म्हटलं, "आजी, लग्नसराई चालू हाय, माझ्याकडं खूप गर्दी हाय, तुझा नंबर दहा वर्षांनी." हे मी मराठीतच बोलले, पण तिला समजलं.

"जल्दी नहीं है," ती म्हणाली. "माप ले ले।"

टेप माझ्या पर्समध्ये कायम असते. बाजूच्या खोलीत नेऊन मी तिला उभं केलं आणि माप घेतलं. या वेळी नजरेवर विसंबले नाही, प्रत्येक माप दोनदा घेतलं. खांदा, छाती, बाही, उंची. वहीत सगळं लिहिलं. कपडा कधी द्यायचा ती तारीख मी नेहमी पानाच्या वर लिहिते. ती जागा कोरी ठेवली आणि तिला हाताला धरून जेवायला घेऊन गेले.